टोर्नेडोची वॉर्निंग आली तर घरात कुठे जायचं? डॅलस परिसरातल्या मराठी कुटुंबांसाठी

एप्रिल-मे आला की उत्तर टेक्सासातल्या अनेक मराठी घरांत आई-बाबा मुक्कामाला आलेले असतात. तिकडचा उन्हाळा चुकतो, नातवंडांची शाळा सुटायच्या बेतात असते, सगळ्यांच्याच सोयीचा काळ. नेमका हाच काळ इथल्या टोर्नेडोंच्या ऐन हंगामाचा. त्यातही बरेचसे टोर्नेडो दुपारी ४ ते रात्री ९ या वेळात येतात. म्हणजे मुलगा-सून अजून ऑफिसात किंवा रस्त्यात, नातवंडं कुठल्या तरी क्लासला आणि घरी दोघंच. टीव्हीवरचं भरभर इंग्रजी त्यांना पुरतं कळत नाही, गाडी चालवता येत नाही आणि सायरन वाजला तर काय करायचं हे बहुतेक घरांत त्यांना कुणी नीट बसवून सांगितलेलंही नसतं.

म्हणून या लेखातलं मुख्य सांगणं एकच आहे. घरातली आसऱ्याची जागा आजच ठरवा, आणि घरातलं प्रत्येक माणूस तुम्हाला फोन न लावता एकट्याने तिथे पोचेल अशी ती ठरवा. उदाहरणं डॅलस, प्लेनो, फ्रिस्को, अर्विंग या भागातली आहेत, पण ओक्लाहोमा सिटी, नॅशव्हिल, हंट्सव्हिल किंवा सेंट लुईसला राहणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. तिकडे घराला बेसमेंट असेल तर जागा निवडायचा प्रश्नच मिटतो.

धोका नेमका कशाचा असतो

कोकणातल्या माणसाला वादळ माहीत असतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्याची खबर आधीपासून होती. होड्या ओढून घ्यायला, माणसं हलवायला वेळ मिळाला. टोर्नेडोत तो वेळ नसतो. वॉर्निंग निघाल्यापासून तडाखा बसेपर्यंत साधारण दहा-बारा मिनिटं मिळतात, कधी त्याहून कमी, आणि काही वेळा वॉर्निंग निघायच्या आधीच तो जमिनीला टेकलेला असतो. 'आवराआवर करू, मग जाऊ' ही कोकणातली सवय इथे सोडावी लागते.

अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टोर्नेडोंची नोंद होते. ईएफ-० ते ईएफ-५ अशा मापात त्यांची तीव्रता सांगतात. बहुसंख्य टोर्नेडो ईएफ-० आणि ईएफ-१ मध्येच मोडतात. त्यांत छपराचे शिंगल उडतात, कुंपणं आडवी होतात, झाडं पडतात. घराच्या मधल्या भागातल्या लहान खोलीत असलेला माणूस त्यातून सहसा सुखरूप बाहेर येतो. ताशी २०० मैलांच्या वर वारा असलेले ईएफ-५ फार विरळ. पण हा दर्जा नंतर, पडझडीची पाहणी करून ठरतो. समोरून येणारा टोर्नेडो कोणत्या ताकदीचा आहे हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून वागायचं ते दर वेळी सारखंच.

माणसं दगावतात ती मुख्यतः वाऱ्याने उडवलेल्या वस्तूंमुळे. फळ्या, काचा, विटा, पत्रे, खिळे. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात. जितकं खाली जाता येईल तितकं खाली, बाहेरचं जग आणि तुम्ही यांच्यामध्ये जितक्या जास्त भिंती घालता येतील तितक्या, आणि डोकं झाकलेलं.

घर असेल तर जागा कशी निवडायची

उत्तर टेक्सासात घरांना सहसा बेसमेंट नसतं. इथली चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे घरं जमिनीवरच्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभी असतात. भिंती लाकडी सांगाड्याच्या आणि बाहेरून दिसते ती वीट बव्हंशी नुसती दर्शनी, भार पेलणारी नव्हे. एवढं लक्षात ठेवून कागद-पेन घ्या आणि घरभर फिरा.

तळमजल्यावर उभं राहून पहिला प्रश्न विचारा: कोणत्या खोलीची एकही भिंत बाहेरच्या बाजूला येत नाही आणि जिला खिडकी नाही? अशा खोल्या निघतील त्यांतली सगळ्यात लहान निवडा. लहान खोलीत भिंती जवळजवळ असतात, एकमेकींना धरून राहतात आणि वरचं छत कोसळलं तरी मध्ये थोडी पोकळी उरण्याची शक्यता जास्त असते. दुमजली घरात जिन्याखालचं क्लोजेट बहुतेक वेळा या कसोटीला उतरतं. त्याच्या खालोखाल जिन्यालगतचं बिनखिडकीचं लहान टॉयलेट, मग पॅन्ट्री, मग मास्टर बेडरूमचं आतलं क्लोजेट. बाथरूममध्ये टब असेल आणि भिंत आतली असेल तर टबात बसून वरून गादी घेणं हाही चांगला मार्ग आहे. मात्र ज्या बाथरूमच्या टबावर मोठी खिडकी आहे, ती यादीतून काढून टाका.

दोन जागा हमखास चुकीच्या निवडल्या जातात. एक म्हणजे गॅरेज. जाड काँक्रीटची जमीन आणि प्रशस्त जागा बघून ते भक्कम वाटतं, पण गॅरेजचं रुंद दार हा घराचा सगळ्यात कच्चा भाग. ते आत ढकललं गेलं की वारा घरात शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. दुसरी म्हणजे दुमजली उंचीची, मोठाल्या काचांची दिवाणखान्याची जागा. टीव्ही तिथेच असल्याने माणसं तिथेच थांबतात. वॉर्निंगनंतर तिथे एक मिनिटही थांबायचं नाही.

आता मराठी घरातली खास अडचण. जिन्याखालच्या क्लोजेटमध्ये कुठे देवघर केलेलं असतं, कुठे भारतातून आणलेल्या बॅगा एकावर एक रचलेल्या, कुठे तांदळाच्या मोठ्या पिशव्या आणि पापड-कुरडयांचे डबे. देवघर असायला काहीच हरकत नाही. पण जड मूर्ती आणि पितळी समया खालच्या फळीवर आणा, आणि आत जाण्यापूर्वी पेटती समई विझवायची हे सगळ्यांना सांगून ठेवा. बॅगा वरच्या मजल्यावर हलवा. मग एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी खरोखर आत बसून दार लावून बघा. दार आतून नीट लागतं का? गुडघेदुखी असलेल्या आईला आत शिरता येतं का? खाली बसता येत नसेल तर एक बुटकं, भक्कम स्टूल कायमचं आत ठेवा. भिंतीला पाठ टेकून, पुढे वाकून, उशी किंवा जाड दुलई डोक्यावर आणि मानेवर घेऊन बसलं तरी चालतं. चौघं मावतात की नाही हे आधी कळलं तर दुसरी जागा शोधता येते.

घरात पक्की सेफ रूम बसवायची असेल तर

११ मे १९७० ला टेक्सासातल्याच लबक शहरावर मोठा टोर्नेडो आला. त्यानंतर तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठात या विषयावर पद्धतशीर काम सुरू झालं. १५ पौंडांची लाकडी फळी तोफेसारख्या यंत्रातून ताशी १०० मैलांनी भिंतीवर मारायची आणि भिंत टिकते का बघायचं, अशी चाचणी तिथे करतात. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सेफ रूम ताशी २५० मैल वाऱ्यासाठी बांधलेल्या असतात. विकत घेताना आयसीसी-५०० या मानकाचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर विक्रेत्याचं गोड बोलणं ऐकू नका.

जमिनीत पुरलेली की जमिनीवरची, हा प्रश्न नेहमी येतो. मानकाला उतरलेल्या दोन्ही सारख्याच भरवशाच्या असतात. गॅरेजच्या फरशीखालची सेफ रूम जागा खात नाही, पण तिच्या अरुंद पायऱ्या सत्तरीच्या माणसाला घाईत उतरता येतील का, याचा विचार करा. घरी वडीलधारी माणसं वरचेवर येत असतील तर मी जमिनीवरची, स्लॅबला बोल्टने जखडलेली पोलादी खोली घेईन. खर्च काही हजार डॉलर येतो. ती बसवली की शहराच्या अग्निशमन विभागाकडे नोंदणीची सोय आहे का विचारा. ढिगाऱ्याखाली दार अडकलं तर शोध घेणाऱ्यांना आधी तुमच्याकडे कुठे बघायचं ते माहीत असतं.

अपार्टमेंटमध्ये, विशेषतः वरच्या मजल्यावर

नवीन आलेली बहुतेक मंडळी तीन मजली लाकडी बांधणीच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. तळमजल्यावर असाल तर वरच्याच कसोट्या लावा: आतलं बाथरूम किंवा क्लोजेट. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असाल तर खाली जायचं आहे हे गृहीत धरा. या इमारतींचे जिने बरेचदा दोन्ही बाजूंनी उघडे असतात आणि त्यातून वारा बोगद्यासारखा वाहतो, म्हणून जिन्याखाली उभं राहणं हा आसरा नव्हे.

यावर सगळ्यात चांगला उपाय माणसांचा आहे. तळमजल्यावर एखादं ओळखीचं कुटुंब असेलच, नसेल तर ओळख काढा. 'वॉर्निंग आली तर आम्ही तुमच्या बाथरूममध्ये येऊ, चालेल ना?' एवढं आधी विचारून ठेवा. कुणी नाही म्हणत नाही. दुसरा पर्याय लीझिंग ऑफिसचा. क्लबहाऊस रात्री उघडं असतं का, आत बिनखिडकीची खोली आहे का, हे ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. खाली जायला वेळच उरला नाही तर आपल्याच घरातलं सगळ्यात आतलं बाथरूम, टब आणि वरून गादी. टोर्नेडो दारात असताना जिन्यात असणं त्याहून वाईट.

मोबाईल होममध्ये राहत असाल तर नियम वेगळा आणि कडक आहे: आत थांबायचंच नाही. ती घरं पायाला घट्ट जखडलेली नसतात आणि टोर्नेडोतल्या मृतांमध्ये त्यांत राहणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं असतं. टोर्नेडो वॉच, म्हणजे परिस्थिती टोर्नेडोला अनुकूल असल्याचा आधीचा इशारा, निघाला की वॉर्निंगची वाट न बघता पक्क्या इमारतीतल्या कुणाकडे तरी जाऊन बसा.

त्या जागेत आधीपासून काय ठेवायचं

यादी लांबलचक केली की कुणी करत नाही, म्हणून महत्त्वाचं आधी.

बूट. आपल्या घरांत चपला-बूट दाराशी किंवा गॅरेजमध्ये काढतात. टोर्नेडोनंतर दाराशी पोचायची वाट काचांतून आणि खिळ्यांतून असते. प्रत्येकाचा एक जुना, बंद बुटांचा जोड क्लोजेटमध्ये कायमचा ठेवा, मोजे आत कोंबून. आई साडी नेसत असल्या तरी त्यांच्या चालायच्या बुटांचा एक जोड तिथे हवाच.

हेल्मेट. एप्रिल २०११ मध्ये अलाबामात टोर्नेडोंनी फार मोठी जीवितहानी केली, आणि त्यानंतर बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांनी हेल्मेट वापरायचा आग्रह धरला, कारण डोक्याची इजा हे मृत्यूचं मोठं कारण असतं. मुलांची सायकलची हेल्मेटं आणि कुणाचं क्रिकेटचं हेल्मेट बहुतेक घरांत असतंच. ती गॅरेजच्या खुंटीवरून काढून क्लोजेटमध्ये आणा. तान्हं बाळ असेल तर त्याला कार-सीटमध्ये पट्ट्याने बांधून तीच सीट आत घ्या.

शिट्टी. ढिगाऱ्याखालून ओरडून घसा बसतो, शिट्टीचा आवाज दूरवर जातो. मग टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, पाण्याच्या बाटल्या, आई-बाबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या थोड्या गोळ्या, जुना चष्मा. कागदपत्रांचा मुद्दा आपल्यासाठी जरा जास्त महत्त्वाचा. पासपोर्ट, आय-७९७, आय-२०, ग्रीन कार्ड, आई-बाबांचा व्हिजिटर विमा, घराची आणि गाडीची पॉलिसी, या सगळ्यांचे फोटो क्लाउडवर टाका आणि मूळ प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून याच क्लोजेटमध्ये ठेवा.

इशारा तुमच्यापर्यंत कसा पोचेल

ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर काही दिवस आधीपासून धोक्याचा नकाशा काढतं, १ ते ५ पायऱ्यांत. आपला भाग ३ किंवा त्याच्या वर असेल तर त्या संध्याकाळचा लांबचा प्रवास टाळा. टोर्नेडो वॉच निघाला तर अर्थ असा की पुढच्या काही तासांत परिस्थिती अनुकूल आहे: फोन चार्ज करा, क्लोजेट रिकामं आहे ना बघा, मुलं कुठे आहेत ते बघून घ्या. टोर्नेडो वॉर्निंग म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण आहे: लगेच आत. नुसती वादळाची वॉर्निंग असली आणि त्यात ताशी ८० मैल वाऱ्याचा उल्लेख असला तरीही मी आत जाऊन बसण्याच्या मताची आहे.

वॉर्निंग आता ठरावीक भागापुरती, नकाशावर चौकट आखून देतात, पण टीव्हीवर आणि रेडिओवर नाव काउंटीचंच ऐकू येतं. तुम्ही कोणत्या काउंटीत राहता? डॅलस, कॉलिन, डेंटन की टॅरंट? हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, शेजारच्या पश्चिमेकडच्या काउंटीचं नावही, कारण वादळं सहसा तिकडूनच येतात.

सायरनवर विसंबू नका. ते घराबाहेर असलेल्या लोकांना सावध करण्यासाठी आहेत. रात्री एसी चालू असताना बंद खोलीत ते ऐकू येतीलच असं नाही. फोनवरचे सरकारी आपत्कालीन अलर्ट चालू आहेत का, ते आता वाचता वाचताच बघा. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या नोटिफिकेशन्समध्ये अगदी तळाशी सरकारी अलर्ट असतात. मध्यरात्री हरवलेल्या मुलांचे अलर्ट वाजतात म्हणून अनेकांनी सगळंच बंद करून टाकलेलं असतं. हवे तर ते वेगळे बंद करा, हवामानाचे चालूच राहू द्या. भारतातून आणलेल्या फोनवर हे अलर्ट येतीलच असं धरून चालू नका. आई-बाबा भारतातलाच फोन वापरत असतील तर त्यांच्या खोलीत एक नोआ वेदर रेडिओ, म्हणजे सरकारी हवामान इशारे ऐकवणारा रेडिओ, ठेवा. बॅटरीवरही चालणारा, आपल्या काउंटीचा कोड घातलेला. वॉर्निंग आली की तो झोपेतून जागं करेल इतक्या जोरात वाजतो.

रात्रीचा इशारा का महत्त्वाचा, ते डॅलसकरांना ठाऊक आहे. २० ऑक्टोबर २०१९ ला रविवारी रात्री ९ च्या सुमारास उत्तर डॅलसमध्ये ईएफ-३ टोर्नेडो उतरला आणि रिचर्डसनपर्यंत गेला. शाळा, दुकानं, घरं उद्ध्वस्त झाली, तरी एकही माणूस दगावला नाही. ऑक्टोबर हा काही मुख्य हंगाम नव्हे. २०१५ मध्ये तर २६ डिसेंबरच्या संध्याकाळी गार्लंड आणि रॉलेटवर ईएफ-४ आला होता.

आई-बाबांना शिकवताना

त्यांना हवामानशास्त्र सांगत बसू नका, एकच साखळी सांगा: कर्कश्श आवाज झाला, की गॅस बंद, की जिन्याखाली, की दार बंद. हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून फ्रिजवर लावा. त्याखाली काउंटीचं नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहा, म्हणजे टीव्हीवर पट्टी आली की अक्षरं ओळखता येतील. घराचा पत्ताही लिहा. ९११ ला तो सांगावा लागला तर हातात हवा.

मग दोन वेळा प्रत्यक्ष करून घ्या, एकदा दुपारी आणि एकदा रात्री दिवे बंद करून. अनेक उपनगरांत महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी सायरनची चाचणी होते, तो आवाज त्यांना मुद्दाम ऐकवा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा: 'आम्हाला फोन लावत बसू नका. आत गेल्यावर नुसतं "आत आहोत" एवढा मेसेज टाका. आमचा फोन लागला नाही तरी बाहेर यायचं नाही.' आईचा जीव मुलांत अडकलेला असतो, ती दाराशी जाऊन वाट बघणार. ते टाळायचं असेल तर मुलं शाळेत किंवा क्लासात असतील तर तिथे त्यांची काय सोय आहे, हे त्यांना आधी सांगून ठेवा. शाळांकडे आसऱ्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्यांचे सराव होतात. वॉर्निंग चालू असताना मुलांना आणायला गाडी काढणं सगळ्यात धोक्याचं.

वॉर्निंग आली: पुढची पाच मिनिटं

१. हातातलं काम टाका. गॅसवर कुकर असेल तर गॅस बंद करा, शिटीची वाट बघू नका. खिडक्या उघडायला किंवा लावायला जाऊ नका. आतला-बाहेरचा दाब सारखा करायला खिडक्या उघडाव्यात ही जुनी समजूत चुकीची आहे. खिडकीजवळ गेलेला माणूस फक्त काचांच्या जवळ जातो.

२. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना आधी आत पाठवा. फोन बरोबर घ्या. गाडीच्या किल्ल्या, लॅपटॉप, दागिने यांसाठी वर जाऊ नका.

३. बूट, हेल्मेट घाला. दार लावा. गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीकडे, हात मानेमागे गुंफलेले. मुलं खाली, मोठ्यांचं अंग त्यांच्यावर, वरून दुलई किंवा गादी.

४. फोनवर स्थानिक वाहिनीचं थेट प्रक्षेपण लावा. वॉर्निंग संपल्याचं कळेपर्यंत आतच राहा. वारा थांबला म्हणजे संपलं असं नव्हे. एका मागोमाग दुसरं वादळ येऊ शकतं.

यात 'आधी बाहेर जाऊन बघतो' ही पायरी कुठेच नाही. २२ मे २०११ ला मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली. नंतरच्या सरकारी पाहणीत दिसून आलं की पहिल्या सायरनला बहुतेकांनी आसरा घेतला नव्हता. सायरन नेहमीच वाजतात म्हणून ते आणखी कुठून तरी खात्री पटण्याची वाट बघत राहिले. शिवाय टोर्नेडो दरवेळी चित्रातल्या सोंडेसारखा दिसत नाही. इथे तो पुष्कळदा पावसाच्या पडद्याआड असतो आणि रात्री तर विजेच्या तारा तुटल्याचे निळसर लखलखाट एवढंच दिसतं.

घराबाहेर असाल तर

दुकान, सिनेमागृह, जिम, मोठा हॉल, सगळ्यांत अडचण एकच: रुंद छप्पर आणि त्याला मधे आधार नाही. पुढच्या काचांपासून दूर, मागच्या टॉयलेटकडे किंवा आतल्या अरुंद मार्गिकेकडे जा. जॉप्लिनमध्ये एका पेट्रोल पंपाच्या दुकानात माणसं मागच्या कूलरच्या खोलीत शिरली. दुकान भुईसपाट झालं, ती माणसं वाचली. ऑफिसात असाल तर लिफ्ट टाळा आणि खालच्या मजल्यावरचा मधला भाग किंवा बंद जिना गाठा.

महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकर्त्यांना इथे एक विनंती. गुढीपाडव्याचे आणि वसंतातले कार्यक्रम मार्च-एप्रिल-मेमध्येच येतात आणि शाळांच्या मोठ्या सभागृहांत होतात. हॉल ठरवतानाच शाळेला विचारा की आसऱ्याच्या जागा कोणत्या आणि त्या दिवशी त्या उघड्या असतील का. कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदकाने अर्ध्या मिनिटात त्या मराठीतून सांगाव्यात. एका स्वयंसेवकाचं काम फक्त हवामानावर लक्ष ठेवणं हेच असावं.

गाडीत असाल तर परिस्थिती सगळ्यात वाईट. २०१५ च्या त्या डिसेंबरातल्या टोर्नेडोत गार्लंडमध्ये गेलेल्या १० जणांपैकी बहुतेक जण महामार्गांच्या चौकाजवळ गाड्यांत होते. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रिनोचा टोर्नेडो २.६ मैल रुंद झाला, नोंदलेल्यांत सगळ्यात रुंद. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे मुरलेले वादळ-अभ्यासक त्यात गाडीतच गेले. म्हणून रस्त्यात वॉर्निंग आली तर पहिली पक्की इमारत दिसेल तिथे गाडी सोडून आत जा. टोर्नेडो लांब असेल, रस्ता मोकळा असेल तर त्याच्या मार्गाला काटकोनात दूर जाता येतं. तो एकाच जागी थांबल्यासारखा दिसला आणि मोठा होत गेला, तर तो तुमच्याकडेच येतो आहे.

पुलाखाली थांबू नका. हा गैरसमज फार पसरलेला आहे. पुलाखाली वारा अरुंद जागेतून आणखी जोराने घुसतो आणि ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात अशा पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तिघांचा जीव गेला. इमारत नाहीच, आणि अंगावर कचरा-फांद्या उडायला लागल्या, तर दोनच मार्ग उरतात आणि दोन्ही नाइलाजाचे. पट्टा लावून गाडीतच खिडकीच्या पातळीखाली वाकायचं, डोकं झाकायचं. किंवा रस्त्यापेक्षा बराच खोल चर जवळ असेल तर गाडीपासून दूर जाऊन त्यात पालथं पडायचं, हात डोक्यावर. चरात पाणी वाहत असेल तर दुसरा मार्ग बाद. टेक्सासातल्या अशा पावसात चर काही मिनिटांत भरतात.

नंतर

बाहेर पडण्याआधी वास घ्या. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, काडी ओढू नका, बाहेर लांब जाऊन तिथूनच ९११ ला फोन करा. पडलेल्या तारा जिवंत आहेत असं समजा. अंधारात मेणबत्तीऐवजी टॉर्च. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच मारतो.

भारतात लोक टीव्हीवर 'टेक्सासात टोर्नेडो' एवढंच बघतात आणि फोनांचा भडिमार होतो. कुटुंबाच्या ग्रुपवर एकच मेसेज टाका आणि लाइन मोकळी ठेवा.

विम्यासाठी काही उचलण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. छताला भोक असेल तर ताडपत्री टाकून पावती ठेवा, पण कायमची दुरुस्ती पाहणी होईपर्यंत करू नका. दुसऱ्याच दिवशी दारावर ठेकेदार येतात. लगेच सही करू नका. 'तुमची डिडक्टिबल (विम्याच्या दाव्यात तुम्ही स्वतः भरायची रक्कम) आम्ही भरतो' असं कुणी म्हणालं तर ते टेक्सासात बेकायदा आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की अपार्टमेंटचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या सामानाचा नव्हे. त्यासाठी रेंटर्स इन्शुरन्स लागतो. विद्यार्थी पुष्कळदा गाडीचा फक्त लायबिलिटी विमा घेतात, त्यात वादळाने झालेलं नुकसान येत नाही. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना फेमा या केंद्रीय आपत्ती-मदत संस्थेची रोख मदत सहसा मिळत नाही, पण घरात अमेरिकन नागरिक असलेलं अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या वतीने अर्ज करता येतो. तात्पुरता निवारा, जेवण, पाणी यांसाठी व्हिसाची अट नसते, तेव्हा रेड क्रॉसच्या छावणीत जायला संकोच करू नका. पासपोर्ट हरवला असेल तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, भारतीय वाणिज्य दूतावास ती मागेल.